सलाईननंतर हातावर गाठ आली? या चुका टाळा

पेशंट घरी येतो, ताप उतरलेला असतो, आणि दोन-तीन दिवसांनी हात चाचपताना सुईच्या जागेच्या वर टणक गाठ लागते. कधी कधी तर शीरच चार-पाच बोटं लांब, सुतळीसारखी कडक झालेली असते. घरच्यांना पहिली शंका येते ती सुई आत मोडून राहिल्याची. ती बहुधा खरी नसते. इंट्राकॅथची (सलाईनसाठी शिरेत लावतात त्या सुई-नळीची) स्टीलची सुई लावतानाच बाहेर काढतात, शिरेत राहते ती मऊ प्लास्टिकची बारीक नळी. गाठ होते ती शिरेच्या अस्तराला सूज येऊन आत रक्त गोठल्यामुळे. नळी हलत राहिली, कोपराच्या वळणावर लावली, तीन-चार दिवसांहून जास्त ठेवली किंवा औषधच दाहक असलं (पोटॅशियम, काही अँटिबायोटिक्स), की हे जास्त होतं.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र बाटली चालू असतानाच होते. हात जळतोय, सुईभोवती फुगवटा आलाय, कातडी ताणून गार पडलीय, आणि नातेवाईक म्हणतात, "पाव बाटलीच उरलीय, संपू दे." कृपा करून असं करू नका. औषध शिरेबाहेर मांसात झिरपत असतं. साधं सलाईन असेल तर सूज एक-दोन दिवसांत ओसरेल. पण कॅल्शियम किंवा केमोथेरपीचं औषध असेल तर तिथली कातडी सडूही शकते. "सिस्टर, इथे जळतंय, आधी बंद करा" एवढं म्हणायला संकोच नको. रात्री दोन वाजतासुद्धा बेल दाबा. आणि केमोचं औषध बाहेर गेलं असेल, तर गार शेक की गरम, हे स्टाफलाच ठरवू द्या. औषधागणिक ते बदलतं.

नळी काढल्यावर कापूस धरून कोपर दुमडायची सवय जवळजवळ सगळ्यांना आहे. त्याने नीट दाब बसत नाही, रक्त कातडीखाली साचतं आणि काळीनिळी गाठ होते. हात सरळ ठेवून दोन-तीन मिनिटं बोटाने दाबून धरा. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर पाच मिनिटं किंवा जास्तच. अशा काळ्यानिळ्या गाठीला पहिला दिवस गार पट्टी, गरम शेक नंतर.

कडक झालेल्या शिरेला तेल लावून रगडणं तर पूर्ण बंद करा. सुजलेली शीर आणखी दुखावते, आणि आतली गुठळी सुटण्याचा धोका, थोडा का असेना, कशाला पत्करायचा? कोमट पाण्यात पिळलेला टॉवेल दहा-पंधरा मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा पुरतो. डॉक्टरांनी हेपरिनचं मलम दिलं असेल तर हलक्या हाताने पसरवा, जखमेवर नको. झोपताना हात उशीवर उंच ठेवा. तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक मधुमेह्यांनी घेऊच नये. हात बधिर असला तर भाजलेलं कळतही नाही.

दुखणं साधारण आठवडा-दोन आठवड्यांत कमी होतं. कडकपणा मात्र कित्येक आठवडे, कधी दोन-तीन महिनेही राहतो. लहान होत असेल तर घाबरू नका.

ताप, पू, वर चढणारी लाल रेघ, पूर्ण हाताला सूज, बोटांना मुंग्या किंवा कातडीवर फोड दिसले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. धाप लागली किंवा छातीत दुखलं तर क्षणाचाही उशीर नको.

पुढच्या वेळी सुई लावताना कडक शीर सिस्टरना आधीच दाखवा, म्हणजे त्या दुसरी शोधतील. किडनीचा जुना आजार असेल तर तेही सांगा: डायलिसिसच्या फिस्टुलासाठी (त्यासाठी हातातली धमनी आणि शीर ऑपरेशनने जोडतात) मनगटाच्या वरच्या, हाताच्या शिरा जपाव्या लागतात, म्हणून अशा पेशंटला शक्यतो तळहाताच्या मागच्या बाजूलाच सुई लावतात.