इंदूरात बसून टेक एनजीओ चालवायचीय? माणसं आणि पार्टनर कसे जमवायचे ते सांगतो

पहिली भरती डेव्हलपरची करू नका. डेव्हलपर इंदूरात मिळतोच, एसजीएसआयटीएससारखं इंजिनीअरिंग कॉलेज आहे, सिमरोलला आयआयटी आहे, भंवरकुआंला टपरीवर उभे राहिलात तरी दोन भेटतील. पण झाबुआ-आलीराजपूरच्या आदिवासी जिल्ह्यांत जाऊन आठवडाभर राहणारा, भिली समजणारा माणूस शोधायला महिने जातात, म्हणून सुरुवात त्याच्यापासून करा. आम्ही उलटं केलं होतं, आधी ॲप बनवलं, चौसष्ट प्रश्नांचा फॉर्म, सगळा टाइप करायचा, आणि मग फील्डला जो पोरगा घेतला त्याने दहा मिनिटांत सांगितलं की सर इथं कोणी टाइप करत नाही, आवाज रेकॉर्ड करू द्या, आणि दिवाळीनंतर निम्मी घरं मजुरीला गुजरातेत जातात तेव्हा नंबरही बदलतात. भगोरियाच्या, म्हणजे होळीआधीच्या आदिवासी जत्रांच्या, दिवसांत तर सर्व्हेचं नावच काढू नका.

इंटरव्ह्यू ऑफिसात घेऊ नका, उमेदवाराला बसने गावात घेऊन जा आणि नुसतं बघा की तो लोकांना विचारतो का शिकवायला लागतो. (आपल्या मराठी घरातली पोरं हुशार असतात पण दर दोन तासांनी आईचा फोन, जेवलास का, कधी येतोस. घरच्यांशी आधीच बोलून घ्या, मी गंमत करत नाहीये.)

आता डेव्हलपर. नवीन काही बांधणारा नको, आहे ते लावून देणारा हवा. सर्व्हेचे फॉर्म बनवायला ओडीके, कोबोटूलबॉक्स ही ओपन सोर्स सॉफ्टवेअर आहेत, नेटवर्क नसलं तरी फॉर्म भरता येतो, आरोग्याच्या आकड्यांसाठी ऑस्लो विद्यापीठाचं डीएचआयएस टू हे सॉफ्टवेअर आहे. ज्याला सगळं शून्यापासून लिहायची हौस आहे तो वर्षभरात जास्त पगारावर सुपर कॉरिडॉरच्या आयटी कंपनीत जाईल आणि त्याचा कोड तुमच्या गळ्यात. दहा माणसं झाली की लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, वीस झाली की पीएफ, हे सीएला आधीच विचारून ठेवा.

पार्टनरशिपमध्ये खरी गोची पैशाची. परदेशी संस्था म्हणते, पैसे तुमच्या खात्यात टाकतो, त्यातला एक तृतीयांश झाबुआच्या छोट्या संस्थेला द्या. नाही देता येत भिया! सप्टेंबर 2020 पासून एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणगीच्या कायद्याखाली आलेला, पैसा दुसऱ्या संस्थेला देणं बंद आहे, तिच्याकडे स्वतःचं एफसीआरए रजिस्ट्रेशन असलं तरी. आम्हाला हे सही झाल्यावर कळलं, मग बजेट पुन्हा मांडलं आणि त्या संस्थेची दोन माणसं रीतसर आमच्या पगारावर घेतली. दुसरा रस्ता असा की परदेशी पार्टनरने दोघांशी वेगवेगळा करार करायचा, पण मग झाबुआवाल्यांचं स्वतःचं एफसीआरए हवं, आणि त्याला संस्था तीन वर्षं जुनी आणि कामावर 15 लाख खर्च झालेला लागतो. तिसरा, त्यांचा हिस्सा पीथमपूरच्या एखाद्या कंपनीच्या सीएसआरमधून, म्हणजे समाजकामासाठीच्या पैशातून, काढायचा, पण त्यासाठी त्यांचं सीएसआर-1 रजिस्ट्रेशन करून घ्या.

परदेशी पैशातून करायच्या ॲडमिन खर्चाची मर्यादाही 50 वरून 20 टक्के झालीय, त्यामुळे डायरेक्टर, अकाउंटंट आणि विजयनगरच्या ऑफिसचं भाडं एवढ्यातच ती संपू शकते. कोणाचा पगार ॲडमिनमध्ये आणि कोणाचा कामात, हे सीएकडून भरतीच्या आधी लिहून घ्या, ऑडिटच्या वेळी नाही. परदेशी पैसा आधी दिल्लीला संसद मार्गच्या एसबीआयच्या खात्यातच येतो, ते खातं उघडायला वेळ लागतो, म्हणून पगाराची तारीख पहिल्या हप्त्याच्या भरवशावर कोणालाही कबूल करू नका.

एमओयू, म्हणजे पार्टनरबरोबरचा लेखी करार, दोन पानांचा चालेल पण त्यात डेटा कोणाचा, कोड कोणत्या लायसन्सखाली, आणि पायलट प्रोजेक्ट संपल्यावर सर्व्हरचं बिल कोण भरणार हे पाहिजेच. शेवटचं कोणी लिहीत नाही आणि भांडण नेमकं तिथेच होतं. जिल्हा प्रशासनाबरोबर काम असेल तर पत्र पदाच्या नावाने घ्या, साहेबांच्या नावाने नको, बदली झाली की नवीन साहेब विचारतात, तुम्ही कोण? परदेशातून कोणी मदतीला येतो म्हणाला तर त्याला टुरिस्ट व्हिसावर कामाला बसवू नका, कितीही प्रेमाने आला असला तरी, त्याला पोहे-जिलेबी खाऊ घाला, सराफा दाखवा, काम योग्य व्हिसा आल्यावर.

आणि कॉलची वेळ करारासोबतच ठरवा. न्यूयॉर्कचे सकाळचे अकरा म्हणजे हिवाळ्यात आपले रात्रीचे साडेनऊ, मार्चमध्ये त्यांची घड्याळं पुढे गेली की साडेआठ, आणि त्या कॉलवर फील्डचा पोरगा हवा असेल तर त्याला आधी विचारा की तेव्हा गावात नेटवर्क असतं का. आमचा तर टॉर्च घेऊन टेकडीवर चढायचा.