द्विशिक्षकी शाळेतला दुसरा शिक्षक

शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवरून निवड झाली आणि जिल्हा म्हणून गोंदिया, भंडारा, गडचिरोली किंवा चंद्रपूर आला, की बीड, जालना, सोलापूरकडच्या मुलामुलींचे फोन सुरू होतात. खोली मिळते का, गाडी हवीच का, जंगल किती लांब, शिक्षणसेवकाच्या १६,००० मानधनात भागतं का. याची उत्तरं गावात पाय ठेवला की पहिल्या महिन्यात मिळून जातात. कुणी विचारत नाही ते एकच: शाळेत आपल्यासोबत जो दुसरा शिक्षक असेल, त्याच्याशी ओळख कशी वाढवायची?

मला हा प्रश्न फार महत्त्वाचा वाटतो. शिक्षण हक्क कायद्यानुसार प्राथमिक शाळेचा पट ६० पर्यंत असेल तर २ शिक्षक मिळतात, आणि इकडच्या लहान गावांत पट बहुधा त्याच्या आतच असतो. म्हणजे स्टाफरूम नाही, गट नाहीत, मधल्या सुट्टीत बोलायला चार जण नाहीत. एक जण केंद्राच्या शिक्षण परिषदेला गेला की दुसऱ्याकडे पहिली ते चौथी सगळे वर्ग. शिक्षणसेवकाची ३ वर्षं, आणि पुढे बदली होईपर्यंतची सगळी वर्षं, तुमचं ऑफिस म्हणजे तो एक माणूस. तो फक्त हजेरीपटावरची सही म्हणून समोर राहिला तर दिवस फार कोरडे जातात.

मी बीड जिल्ह्यातल्या गेवराई तालुक्यातली, बाजरी आणि कापूस बघत वाढलेली. नेमणूक गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात. सोबतचे सर इथलेच, शेजारच्या गावचे, घरी धानाची, म्हणजे भाताची शेती. आमच्याकडे ओळख काढायची रीत ठरलेली असते: आडनाव काय, पाहुणे कुठले, जमीन किती. इथे हे तीनही प्रश्न सुरुवातीला बाजूलाच ठेवा असं मी कळकळीने सांगते. लहान गावात आडनाव विचारणं म्हणजे जात विचारणं, हे दोन्ही बाजूंना कळतं. जमीन विचारली की माणूस सावध होतो. त्यापेक्षा पीक विचारा. "सर, रोवणी झाली का?" धानाच्या लावणीबद्दल एवढं विचारलं तरी माणूस मोकळा होतो, कारण त्यावर त्याला खरंच बोलायचं असतं.

पण त्यासाठी धानाचं वर्ष आपल्याला माहीत हवं. जूनमध्ये पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, टाकतात. पाऊस नीट पडला की जुलै-ऑगस्टमध्ये चिखलणी करून रोवणी. तेव्हा बायका सकाळपासून वाकून बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, उभ्या असतात आणि मजूर मिळणं हीच घराघरातली सगळ्यात मोठी काळजी असते. दिवाळीच्या मागेपुढे कापणी, मग कापलेल्या धानाचे पुंजणे (ढीग) रचायचे, मग चुरणं, म्हणजे मळणी. त्यानंतर आधारभूत खरेदी केंद्रावर नंबर लावायचा, आणि नंबर येईपर्यंत अवकाळी पावसाकडे डोळे. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला घरंच्या घरं रानात जातात, मे महिन्यात तेंदूपत्ता. हे सगळं मी सरांकडूनच शिकले, शाळा सुटल्यावर मामा तलावाच्या (जुन्या मालगुजारी तलावाच्या) पाळीवरून चालत येताना. पाळीवर उभं राहून ते हात लांब करून दाखवायचे: पाणी या तोंडातून सुटतं, आधी त्या बांध्या भिजतात, आमच्या बांधीपर्यंत यायला वेळ लागतो. शाळेत मोजून मापून बोलणारा माणूस तिथे सलग बोलायचा.

या माहितीचा शाळेलाही उपयोग होतो. कापणीच्या दिवसांत यू-डायसची (शाळेच्या सरकारी नोंदीची) माहिती भरणं, पोषण आहाराचा हिशेब, शिष्यवृत्तीचे अर्ज ही कामं मी स्वतःहून माझ्याकडे घेते. सरांना सांगावं लागत नाही, मागावं तर त्याहून नाही. दिवाळीला मला गेवराईला पोचायला दोन गाड्या आणि एक रात्र लागते, तेव्हा सुट्टी लागायच्या दिवशी शाळा बंद करण्याची सगळी आवराआवर ते करतात. आमच्यात हे कधी बोलून ठरलं नाही.

आता नाटकाबद्दल, कारण या भागात ते कळल्याशिवाय सोबतचा माणूस अर्धाच कळतो. दिवाळीनंतरच्या एका सोमवारी परिपाठाला सर उभे होते आणि त्यांच्या कानामागे लालसर रंगाचा पट्टा राहून गेलेला दिसला. मी काही बोलले नाही. मधल्या सुट्टीत स्वयंपाकाच्या ताईंनी हसत सांगितलं, "सर खलनायक आहेत जी, तुम्हाले माहीत नाही?" सरांनी मान खाली घातली, आणि मग म्हणाले, "मॅडम, येता काजी मंडईले? शनिवारी रात्री नाटक आहे."

भाऊबीजेपासून झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या या भागात, गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा, भरतात. एकेका गावाची तारीख वेगळी, म्हणून पुढचे काही आठवडे हा सिलसिला चालू राहतो. सासरी गेलेल्या मुली येतात, पाहुण्यांनी घरं भरतात, सोयरिकी जुळतात, दिवसा बाजार आणि दंडार हे लोकनाट्य, रात्री नाटक. पुढे शंकरपटाच्या निमित्तानेही नाटकं लागतात. पटावर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, २०१४ पासून बंदी होती, डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्राला पुन्हा परवानगी दिली, तेव्हापासून पटाला पुन्हा गर्दी होते आहे. नाटक कंपन्यांचं माहेर म्हणजे देसाईगंज, ज्याला इकडे सगळे वडसाच म्हणतात. शेतकरी, मजूर, शिक्षक असे कितीतरी लोक हंगामात या रंगभूमीवर उभे राहतात. याच रंगभूमीवरचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. ती बातमी सर मुलांना वर्गात वाचून दाखवत होते तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता.

मी सरांच्या घरच्यांबरोबर गेले. वहिनींनी आधीच सांगितलं होतं, "सकाळपर्यंत बसा लागते मॅडम, शाल घेऊन या." पडदा उघडायला दहा वाजून गेले. रंगमंचासमोर खाली वादक बसलेले, ऑर्गन आणि तबला. पुढे बायका-मुलं सतरंज्या आणि पोती टाकून पसरलेली. सरांची एन्ट्री झाली आणि मी त्यांना ओळखलंच नाही. मिश्या चढवलेल्या, चाल वेगळी, आवाज पार मागच्या रांगेपर्यंत जाणारा. माझ्या पुढची एक आजी त्यांना मोठ्याने शिव्या देत होती आणि वहिनी तोंडावर पदर धरून हसत होत्या. वहिनींनीच सांगितलं की लग्नाआधीपासून ते काम करतात आणि शाळा लागल्यापासून फक्त सुट्टीच्या आदल्या रात्रीचेच प्रयोग घेतात. शाळेच्या दिवसाला धक्का लागेल असा प्रयोग त्यांनी घेतलेला मी आजवर पाहिला नाही. त्या रात्री ज्या माणसाबद्दल मला आदर वाटला, त्याच्याबरोबर मी आधी नुसती नोकरी करत होते.

नंतर मी विचारलं, भाषेच्या तासाला संवादाचे धडे तुम्ही वाचाल का? चौथीतला एक मुलगा कधी तोंड उघडत नसे. सरांनी त्याला धड्यातला सावकार दिला, उभं कसं राहायचं ते दाखवलं, आणि त्याने पूर्ण पान वाचलं.

हे मी सरांना आधी एकट्यात विचारलं होतं, सगळ्यांसमोर नाही. नवीन मंडळी इथे फार घाई करतात. केंद्रप्रमुखांसमोर किंवा स्नेहसंमेलनात माइकवरून "आमचे सर कलाकार आहेत, आता ते करून दाखवतील" असं जाहीर करू नका. प्रयोगाचा व्हिडिओ न विचारता स्टेटसला ठेवू नका. नोकरी करणाऱ्या माणसाला त्याचा छंद कुणाला, कधी, किती कळावा हे ठरवायचा हक्क असतो, आणि गावात एकदा बाहेर पडलेली गोष्ट परत घेता येत नाही.

प्रत्येकाकडे सांगण्यासारखा छंद असतोच असंही नाही. माझ्या ओळखीच्या एका शिक्षिका शाळा सुटली की थेट घरी जातात, कुठे थांबत नाहीत. त्यांची सोबतीण हे बरेच महिने पाहत होती आणि काहीच विचारत नव्हती. मग एकदा त्यांनी स्वतःच सांगितलं की घरी सासरे अंथरुणाला खिळून आहेत. तेव्हापासून शेवटच्या तासाचं दप्तर ती सोबतीण आवरते. न विचारणं हेही जवळ येणं असतं, हे मला त्या दोघींकडे बघून पटलं.

पुरुष शिक्षकांनी बाई सहकाऱ्याशी ओळख वाढवताना घरच्यांना धरूनच वाढवावी. पोळ्याला, तान्ह्या पोळ्याला (मुलांच्या लाकडी बैलांच्या पोळ्याला) मुलांना घेऊन त्यांच्या घरी जा, सासूबाईंशी चार शब्द बोला. उगाच रात्रीचे फोन नकोत. आमच्या स्वयंपाकाच्या ताई राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं म्हणतात, खंजिरीवर त्यांचा हात सुरेख चालतो. मला हे कळलं ते गावातल्या सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बसल्यावर. शाळेत त्या कधी गुणगुणतसुद्धा नाहीत.

आणि आपलंही सांगा. नुसतं दुसऱ्याचं ऐकून घेणारा माणूस गावाला चौकशी करणारा वाटतो. माझे वडील दिंडीबरोबर पंढरपूरला चालत जातात हे मी सांगितलं, तेव्हापासून आषाढी जवळ आली की सर रोज विचारतात, "बाबा कुठवर पोचले जी?"

जूनमध्ये रुजू होत असाल तर पऱ्ह्यांपासून सुरुवात करा. दिवाळीनंतर होत असाल तर सोबतच्यांच्या गावची मंडई कधी आहे ते विचारा आणि जा. थंडी कडाक्याची असते, जाड पांघरूण न्या. जेवायला बोलावलं तर घरी जेवा, पण नाटकाचं तिकीट खिडकीवर जाऊन स्वतःच्या पैशाने आधीच काढून ठेवा, नाहीतर ते तुमच्याकडून पैसे घेणार नाहीत.