गिऱ्हाइकांना ईमेल पाठवताय? या चुका टाळा

चटणीच्या हंगामात, मार्च उजाडला की, आमच्या घरगुती धंद्याचं पत्र पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकांना ईमेलनं जातं. पहिल्या वर्षी मी दोनशे जणांचे पत्ते थेट 'सीसी'त टाकले. एकानं 'रिप्लाय ऑल' दाबून दर विचारला, दुसऱ्यानं त्याच सगळ्यांना आपल्या मावशीकडं स्वस्त मिळते म्हणून कळवलं! 'बीसीसी'त पत्ते झाकले जातात खरे, पण साध्या जीमेलवरून दिवसाला पाचशेच जणांना पाठवता येतं. यादी वाढली की न्यूजलेटरची, म्हणजे एकदम अनेकांना पत्र पाठवणारी, सेवा घ्यावी.

पण आपल्याकडची सगळ्यात मोठी चूक वेगळीच. डीटीपीवाल्याकडून आलेली जाहिरात, जेपीजी, तशीच मेलमध्ये चिकटवायची. कितीतरी ठिकाणी, विशेषतः ऑफिसच्या आउटलुकमध्ये, चित्रं आपोआप उघडत नाहीत. गिऱ्हाइकाला रिकामा चौकोन दिसतो. चित्र उघडलं तरी त्यातल्या फोन नंबरवर बोट ठेवून फोन लागत नाही. असं का करतात तेही ठाऊक आहे. मजकूर श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये असतो आणि मेलमध्ये टाकला की त्याची इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं सारख्याच दिसणाऱ्या अक्षरांत, बदलून घ्या किंवा सरळ मोबाइलवर मराठी कीबोर्डनं टाइप करा. चटणीचा फोटो एखादाच, दर आणि नंबर मात्र अक्षरांत.

फार लांबवूही नका. जीमेल साधारण 102 केबीच्या पुढचा मजकूर कापतं, आणि युनिकोडमधलं देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. कापला जातो तो शेवटचा भाग, म्हणजे नेमकी 'अनसबस्क्राइब'ची, यादीतून नाव काढायची लिंक. ती सापडली नाही की माणूस 'स्पॅम' दाबून मोकळा होतो. हजारात तीन तक्रारी म्हणजे 0.3 टक्के, गूगल म्हणतं, तिथवर पोहोचूच नका. म्हणून बिलबुकातले किंवा प्रदर्शनाच्या वहीतले पत्ते न विचारता यादीत घालू नयेत.

पत्र स्पॅममध्येच जातंय? स्वतःच्या जीमेलवर एक पाठवा, 'शो ओरिजिनल' उघडा आणि एसपीएफ, डीकिम, डीमार्क (पत्र खरंच तुमच्याच पत्त्यावरून आलंय का, याच्या तीन तपासण्या) यांच्यापुढं 'पास' लिहिलंय का बघा. नसेल तर डोमेन, म्हणजे धंद्याच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता, जिथून घेतलं तिथल्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या नोंदवहीत) नोंदी करायच्या. काम एकदाच, अर्ध्या तासाचं. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू याबाबत कडक झालेत. दिवसाला पाच हजारांवर मेल पाठवणाऱ्यांना तर तिन्ही सक्तीचं आहे. न्यूजलेटर सेवेतून पाठवताना 'प्रेषक' म्हणून जीमेलचा पत्ता ठेवू नका, स्वतःच्या डोमेनचा ठेवा.

'ओपन रेट', म्हणजे किती जणांनी पत्र उघडलं तो आकडा, बघून हुरळू नका. पत्रातलं चित्र उतरलं की पत्र उघडलं असं धरतात. सप्टेंबर 2021 पासून अॅपलचं मेल अॅप चित्रं आधीच उतरवून ठेवतं, त्यामुळं न वाचलेलं पत्रही वाचलेलं दिसतं. मी आलेली उत्तरं मोजतो. त्यासाठी उत्तर न घेणारा 'नो-रिप्लाय' पत्ता काढून टाकला. पुढच्या पत्रात ऑफर न देता यंदा मिरची कुठली आणली नि डंकावर किती गर्दी आहे एवढंच लिहिलं, तर खाली पहिलं उत्तर आलं: "दोन किलो ठेवा, तिखट जरा चढं करा."