जुनी बाईक घेऊन घरी आणताना या चुका टाळा

आधी इंजिनचा आवाज ऐकायचा, मग भाव पाडायचा, लगेच पैसे पाठवायचे आणि कागद 'नंतर बघू'. पुण्यात जुनी बाईक घेणाऱ्यांचं हे ठरलेलं. मग ती मंडळी आमच्या गॅरेजवर येऊन डोक्याला हात लावून बसतात.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे विकणाऱ्याचंच नाव आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणीच्या कागदावर, आहे का, हे न बघणं. आमच्याकडे येणाऱ्या एका मुलानं सांगलीहून बुलेट घेतली. गाडी नावावर करायचे फॉर्म २९ आणि ३० सह्यांसकट हातात मिळाले, पोरगा खूश. पण सह्या होत्या विकणाऱ्याच्याही आधीच्या मालकाच्या. मधल्यानं गाडी स्वतःच्या नावावर केलीच नव्हती. परिवहनच्या पोर्टलवर अर्ज भरायला बसला, तर ओटीपी गेला मूळ मालकाच्या मोबाईलवर. मधला फोन उचलेना. मूळ मालकाला शोधत पोरगा परत सांगलीला गेला, तर तो आधीच भडकलेला, कारण पुण्यातली ई-चलनं त्याच्या नावावर फाटत होती. शेवटी त्याला पटलं ते एवढ्यानंच: आरसीवर नाव आहे तोवर अपघाताची भरपाईही त्याच्याच गळ्यात येते. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच म्हटलंय. तेव्हा कुठे त्यानं ओटीपी दिला.

मी किक मारायच्या आधी आरसी मागतो. मग रॉकेलच्या फडक्यानं हँडलच्या मुळाशी साचलेलं ग्रीस पुसून चासी नंबर एकेक आकडा जुळवून बघतो. आरसीवर बँकेचं नाव असेल तर 'कर्ज कधीच फिटलंय' या शब्दाला किंमत नाही. बँकेची एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, आणि आरसीवरचं कर्ज उतरवायचा फॉर्म ३५ हातात हवा. आणि नाव लागेपर्यंत थोडी रक्कम मागे ठेवायची. प्रामाणिक माणूस याला नाही म्हणत नाही.

राज्यातल्या राज्यात गाडी विकल्याचं विकणाऱ्यानं आरटीओला १४ दिवसांत कळवायचं असतं, घेणाऱ्यानं ३० दिवसांत. 'एजंट बघेल' म्हणून स्वस्थ बसू नका. एजंट फॉर्म भरून देईल, पण हरवलेला मालक शोधून देणार नाही.

पत्ता पिंपरी-चिंचवडचा असेल तर काम एमएच-१४ च्या ऑफिसचं. संगम पुलाजवळच्या आरटीओत रांग लावून उपयोग नाही.

परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, आधी घ्या. इथला रोड टॅक्स वेगळा भरावा लागतो, तो धरूनच भाव करा.

विमाही १४ दिवसांत नावावर करायला अर्ज द्या.

आता गाडी आणणं. छोटा हत्तीत बाईक साइड स्टँडवर उभी करून दोरी हँडलच्या टोकांना बांधलेली दिसली की माझा जीव खालीवर होतो. खंबाटकीच्या वळणावर स्टँड वाकतो, गाडी कलते आणि टाकीला पोचा पडतो. पुढचं चाक केबिनमागच्या फळीला टेकवा, मध्ये जुना टायर घाला. स्टँड वर, गिअर पहिला. दोरी हँडलखाली, शॉकअपच्या वरच्या जोडाला दोन्ही बाजूंनी पुढे-खाली ओढून बांधा, शॉकअप थोडे दबेपर्यंत. रंगावर दोरी घासते तिथे गोणपाट. निघाल्यावर थोड्या अंतरावर थांबून दोऱ्या पुन्हा आवळाच, त्या सैल पडतातच. ड्रायव्हर कुरकुरला तरी थांबवा.

रेल्वेनं पाठवणार असाल तर टाकी पूर्ण रिकामी करून न्या.

मुंबईहून चालवत आणणार असाल तर एक्स्प्रेसवेवर दुचाकीला बंदी आहे. खोपोली-खंडाळ्याचा जुना रस्ता धरा. आणि निघण्याआधी टायरवरचा चार आकडी नंबर बघा. '२३१५' म्हणजे २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही शाबूत असो, एवढ्या जुन्या रबरावर घाट उतरायचा नाही. तिथेच टायर बदला, नाहीतर टेम्पो बोलवा.