साहित्याचं पाठ्यपुस्तक निवडताना धड्याखालचे प्रश्न आधी वाचा

अकरा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी साहित्याचं पाठ्यपुस्तक निवडायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो : अनुक्रमणिका बघा, नावाजलेले लेखक आहेत का ते बघा. हा सल्ला देणाऱ्यांनी त्या पुस्तकावर वर्षभर वर्ग चालवून बघावा. नावाजलेले लेखक जवळपास प्रत्येक पुस्तकात सापडतात. एकच कविता दोन पुस्तकांत असते. एका वर्गात मुलं तिच्यावरून तासभर वाद घालतात, दुसऱ्या वर्गात तीन ओळी वहीत उतरवून मोकळी होतात. कविता तीच, मुलंही साधारण सारखीच. तिच्याखाली काय छापलंय, यावर पुढचं सगळं ठरतं.

अभ्यासक्रम तुमच्या समोर आहे, नमुना प्रती आल्या आहेत आणि वर्ग तुमच्या ओळखीचा आहे, असं धरून चालतो. मुख्य पुस्तक वरूनच ठरून येत असेल तर पूरक वाचनाच्या पुस्तकाला हीच रीत लावा.

१. ढीग कमी करा

कुठला वेचा कोणत्या मूळ पुस्तकातून घेतला, हे जे पुस्तक सांगत नाही ते बाजूला ठेवा. ज्यात सगळ्या कविता शेवटच्या भागात कोंबल्या आहेत तेही बाजूला ठेवा. वर्ष संपत आलं की त्या उरकल्या जातात. नाट्यप्रवेश एकही नसेल तर मी ते पुस्तक घेत नाही. या वयाची मुलं मोठ्याने वाचायला लाजू लागलेली असतात, आणि दुसऱ्याच्या तोंडचे संवाद म्हणायला मिळाले की ती लाज सर्वांत लवकर जाते.

तेरा वर्षांच्या मुलांना तेरा वर्षांच्याच मुलांच्या गोष्टी द्याव्यात, असंही सांगतात. ऐकू नका. म्हाताऱ्या माणसाची, प्राण्याची, दूरच्या काळातली गोष्टही मुलं आवडीने वाचतात. त्यांना कंटाळा येतो तो गोष्टीत काही घडत नाही तेव्हा.

२. कात्री कुठे चालली आहे ते पाहा

धड्याखाली बारीक अक्षरात ‘संपादित’ किंवा ‘संक्षिप्त’ असं लिहिलेलं असतं. ज्या धड्याची मूळ कथा तुमच्याकडे आहे असा एक धडा घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून वाचा. लांबी कमी करणं समजू शकतं. पण काय कापलंय ते बघा. बहुतेकदा वर्णन जातं, मग विनोद जातो, मग पात्राचा राग किंवा चूक जाते, आणि उरतो तो सगळ्यांशी नीट वागणारा एक आज्ञाधारक नायक. शेवट बदललेला आढळला तर पुढे वाचायची गरज नाही, ते पुस्तक परत करा. वाक्यं मोडून सोपी केली असतील तर दोन परिच्छेद मोठ्याने वाचा. लेखकाची लय गेली असेल तर ते कानाला लगेच कळतं.

मोठी कथा कापून तिचे चार पानी तुकडे देणाऱ्या पुस्तकापेक्षा छोट्या पण पूर्ण कथा देणारं पुस्तक नेहमी चांगलं. अख्खी गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचली की मुलाला लेखकाने ती कशी बांधली हे दिसतं. तुकड्यात फक्त प्रसंग दिसतो.

३. किती अवघड आहे ते मुलांकडून तपासा

वाक्यांची लांबी आणि शब्दांतली अक्षरं मोजून काठिण्य सांगणारी सूत्रं आहेत. त्यांतलं प्रसिद्ध सूत्र १९४८ सालचं आहे आणि ते इंग्रजीसाठी बनवलेलं आहे. मराठीला ते लागू पडत नाही, आणि कवितेला तर कुठल्याच भाषेत लागू पडत नाही. चार साध्या शब्दांची ओळ सगळ्यांत अवघड असू शकते.

अनोळखी शब्द मोजणं त्यापेक्षा उपयोगी. परकी भाषा शिकणाऱ्या वाचकांवर हू आणि नेशन यांनी २००० साली केलेल्या अभ्यासात असं दिसलं की, गोष्ट मदतीशिवाय नीट समजायला साधारण ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. २५० शब्दांच्या पानावर म्हणजे पाच अनोळखी शब्द. हा अंदाज एकट्याने वाचायच्या पुस्तकासाठी वापरा. वर्गात शिकवायच्या पुस्तकात याहून जास्त चालतात, कारण तिथे तुम्ही असता.

शंका उरली तर गाळलेल्या शब्दांची चाचणी घ्या. विल्सन टेलर यांनी १९५३ साली मांडलेली ही पद्धत अजूनही कामाची आहे. सुमारे २५० शब्दांचा गद्य उतारा घ्या, पहिलं आणि शेवटचं वाक्य तसंच ठेवा, मधला दर पाचवा शब्द गाळा आणि मुलांना रिकाम्या जागा भरायला द्या. इंग्रजीत ६० टक्क्यांच्या वर नेमके शब्द भरले गेले तर मूल तो मजकूर एकटं वाचू शकतं, ४० ते ६० असेल तर शिक्षकाच्या मदतीने, आणि ४० च्या खाली असेल तर तो झेपत नाही, असं साधारणपणे धरतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच जोडलेले असतात, म्हणून हे आकडे जसेच्या तसे लावू नका. हातातल्या तीन पुस्तकांपैकी कुठलं जड, कुठलं हलकं, हे मात्र या चाचणीने चांगलं कळतं. वर्गातल्या सगळ्यांत हुशार मुलांवर ती घेऊ नका.

४. स्वाध्याय : सगळा वेळ इथे द्या

निवड समितीत या पायरीला सगळ्यांत कमी वेळ मिळतो. पानं चाळली जातात, प्रश्न भरपूर आहेत, प्रकार वेगवेगळे आहेत, रकाने रंगीत आहेत, म्हणून पुस्तक पास होतं. मलाही सुरुवातीला हेच सर्वांत कठीण जायचं, कारण प्रश्न नुसता वाचून तो चांगला की वाईट हे कळत नाही. तो सोडवावा लागतो. आता मी तीन फेऱ्यांत बघतो.

पहिल्या फेरीत धडा न वाचता थेट स्वाध्याय उघडा आणि उत्तरं द्यायला लागा. ‘वेळेचे महत्त्व तुमच्या शब्दांत लिहा’, ‘पर्यावरण वाचवण्यासाठी तुम्ही काय कराल?’ यांची उत्तरं धडा न वाचताही देता येतात. अशा प्रत्येक प्रश्नापुढे शून्य मांडा.

दुसऱ्या फेरीत धडा समोर ठेवा आणि ज्यांचं उत्तर एखादं वाक्य जसंच्या तसं उचलून देता येतं, त्यांच्यापुढे एक मांडा. हे प्रश्न किती पोकळ असतात ते बघायचं असेल तर हे वाक्य घ्या : ‘चिंबाटाने रुमळे सपाटून घुरपली.’ रुमळे कोणी घुरपली? चिंबाटाने. कशी घुरपली? सपाटून. दोन्ही उत्तरं बरोबर, पूर्ण गुण, आणि वाक्याचा अर्थ कुणालाच ठाऊक नाही. वर्षभर असेच प्रश्न सोडवणारं मूल उत्तराची ओळ शोधण्यात तरबेज होतं. वाचायला ते शिकत नाही.

तिसऱ्या फेरीत उरलेले प्रश्न येतात. चांगला प्रश्न मुलाला मजकुराकडे परत पाठवतो आणि तिथल्या एखाद्या शब्दापाशी थांबवतो. नमुन्यादाखल मीच लिहिलेल्या या चार ओळी घ्या :

‘बाबांनी घड्याळ टेबलावर ठेवलं. “दुरुस्त झालं,” ते म्हणाले. सुमन काही बोलली नाही. तिने घड्याळ कानाला लावलं, मग पुन्हा डब्यात ठेवलं आणि झाकण घट्ट बसवलं.’

‘घड्याळ कोठे ठेवले?’ हा एक गुणाचा प्रश्न. ‘सुमनच्या स्वभावाचे वर्णन करा’ हा प्रश्न मोठा दिसतो, पण मुलं त्याला ‘सुमन शांत आणि समजूतदार आहे’ असं पाठ केलेलं उत्तर देतील. आता असं विचारा : घड्याळ दुरुस्त झाल्याचा सुमनला आनंद झाला का? कोणत्या शब्दांवरून तसं वाटतं? कुणी ‘घट्ट’वर बोट ठेवेल, कुणी ‘पुन्हा’वर. कुणी म्हणेल की तिला घड्याळाची टिकटिक ऐकायची होती, ऐकू आली, म्हणून तिने ते जपून ठेवलं. दोन वेगळी उत्तरं निघतात, आणि दोघांनाही पुरावा त्याच चार ओळींतून द्यावा लागतो. साहित्य शिकवणं म्हणतात ते यालाच.

पुस्तकातून कुठलेही पाच धडे उचला आणि मोजा. तिसऱ्या फेरीपर्यंत टिकणारे प्रश्न एकूण प्रश्नांच्या एक तृतीयांशही नसतील तर ते पुस्तक मी नाकारतो, मग धडे कितीही सुंदर असोत. यावर हमखास उत्तर येतं की शिक्षक स्वतःचे प्रश्न काढतीलच की. एखाद्या धड्याला काढतील. पण परीक्षेत पुस्तकातलेच प्रश्न येतात हे मुलांना पक्कं ठाऊक असतं, आणि तुमचा प्रश्न कितीही चांगला असला तरी ‘हा परीक्षेला आहे का?’ या एका वाक्यापुढे तो टिकत नाही.

काही सापळे मात्र ओळखून ठेवा.

प्रश्नाशेजारी ‘विश्लेषण’, ‘मूल्यमापन’ असे शिक्के मारलेले असतात. विचाराच्या पातळ्यांची ही उतरंड १९५६ साली बेंजामिन ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या वर्गीकरणातून आली आहे आणि ती मुळात उपयोगी आहे. पण शिक्क्याने प्रश्न उंच होत नाही. शिक्षक आवृत्ती उघडा. ‘विश्लेषण करा’ खाली एकच तयार उत्तर छापलं असेल, तर तोही उतरवून काढायचाच प्रश्न आहे, आणि वेगळा विचार करणाऱ्या मुलाचे गुण तो कापणार आहे.

‘या पाठातून कोणता बोध मिळतो?’ हा प्रश्न प्रत्येक धड्याखाली असेल तर ते पुस्तक सोडा. दोन महिन्यांत मुलं प्रत्येक गोष्टीचा फक्त शेवटचा परिच्छेद वाचू लागतात.

‘अलंकार ओळखा’ एवढंच विचारून थांबणारं पुस्तक कविता शिकवत नाही. ‘ही उपमा काढून ओळ साधी लिहा, काय हरवलं ते सांगा’ असं विचारणारं शिकवतं.

आणि सर्वांत घातक सापळा धड्याच्या डोक्यावरच असतो, तिथल्या परिचयाच्या चौकटीत. ‘प्रस्तुत कथेत लेखकाने आईच्या त्यागाचे हृदयस्पर्शी चित्रण केले आहे.’ संपलं! मुलाने स्वतः शोधायची गोष्ट आधीच सांगून टाकली, वर काय वाटायला हवं तेही सांगितलं. कथा कधी लिहिली गेली, कुठे घडते, कुठला संदर्भ माहीत असायला हवा, एवढंच त्या चौकटीत असावं. नमुना प्रतीतल्या सगळ्या चौकटी एका बैठकीत वाचा. अर्थ आधीच सांगणाऱ्या चौकटी एखाददुसऱ्या असतील तर पहिल्या वाचनाच्या वेळी मुलांना त्या कागदाने झाकायला लावा. निम्म्याहून जास्त असतील तर एवढं झाकत बसणं जमत नाही.

५. टिपा आणि चित्रं

शब्दार्थ त्या वाक्यातला हवा, कोशातले चार पर्याय नकोत. ज्या पानावर शब्द आहे त्याच पानावर असेल तर उत्तम. चित्र गोष्टीचा शेवट आधीच दाखवत नाही ना, ते बघा.

६. हातातलं पुस्तक

पुस्तक सपाट उघडं राहिलं पाहिजे आणि कवितेच्या ओळींना क्रमांक हवेत.

७. एक तास घेऊन बघा

उरलेल्या दोन पुस्तकांतला प्रत्येकी एक धडा खऱ्या वर्गात शिकवा, पुस्तकातल्याच प्रश्नांवर, स्वतःची भर न घालता. कुठलं जास्त आवडलं, असं मुलांना विचारू नका. ती छोटा धडा निवडतात. उत्तर देताना किती जणांनी न सांगता पान पुन्हा उलटलं, ते मागे उभं राहून बघा. ज्या पुस्तकात जास्त जणांनी उलटलं, ते घ्या.

मागणी नोंदवताना पुस्तकाच्या नावाबरोबर आवृत्तीचं वर्षही लिहून द्या आणि सगळ्या प्रती एकाच आवृत्तीच्या मागा. दोन आवृत्त्यांत धड्यांचा क्रम आणि पानांचे क्रमांक बदललेले असू शकतात, आणि मग ‘अठ्ठेचाळिसावं पान उघडा’ म्हटल्यावर अर्धा वर्ग भलत्याच धड्यावर जातो.