जुना मराठी ब्लॉग कसा वाचवायचा आणि त्यावर परत कसं लिहायला लागायचं

२००६ ते २०१२-१३ च्या दरम्यान मराठीत ब्लॉग लिहिणारे भरपूर लोक होते, आणि त्यातल्या कितीतरी जणांचा ब्लॉग अजून जिथल्या तिथे आहे, शेवटची पोस्ट कुठल्यातरी दिवाळीची, खाली दोनचार "पुलेशु" (पुढील लेखनास शुभेच्छा) आणि "+१", आणि लिहिणारा माणूस मात्र केव्हाच फेसबुक किंवा व्हॉट्सॲपवर गेलेला. तुम्ही त्यातले असाल तर हे तुमच्यासाठी. मला मनापासून वाटतं की ते लिखाण वाचवायला हवं, आणि जमलं तर तिथेच परत लिहायलाही हवं. दोन्ही एका रविवारी सुरू करता येतं, फार टेक्निकल काही लागत नाही.

सगळ्यात आधी लॉगिन करा. ब्लॉग गूगलच्या ब्लॉगरवर (ब्लॉगस्पॉटवर) असेल तर आजच करा, कारण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केलेल्या नियमाप्रमाणे दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक अकाउंट आतल्या सगळ्या मजकुरासकट ते डिलीट करू शकतात, आणि बऱ्याच जणांनी ब्लॉग त्यावेळच्या दुसऱ्याच कुठल्यातरी जीमेलवरून उघडलेला असतो जो आता उघडतही नाहीत. तो आयडी आठवत नसेल तर जुन्या मेलमध्ये ब्लॉगचं नाव टाकून शोधा, कमेंट आली की मेल यायची त्या मेल सापडतात. लॉगिन झालं की रिकव्हरीचा फोन नंबर बदला, तिथे हमखास जुना बंद पडलेला नंबर असतो.

एवढी घाई कशाला असं वाटत असेल तर मागे काय काय गेलं ते बघा. फुकट वेबसाइट देणारं जिओसिटीज २००९ मध्ये बंद, ऑर्कुट २०१४ मध्ये, याहू ग्रुप्स २०२० मध्ये. आपल्याकडच्या किती चर्चा, कवितांचे ग्रुप, ट्रेकचे ग्रुप याहूवर होते! फेसबुकवर नोट्स म्हणून लांब लिहायची सोय होती, खूप मराठी लोक तिथे लिहायचे, तीही २०२० मध्ये काढली. गूगल प्लस २०१९ मध्ये गेलं तेव्हा ज्यांनी ब्लॉगवर गूगल प्लसवाल्या कमेंट्स चालू केल्या होत्या त्यांच्या पोस्ट राहिल्या पण खालच्या कमेंट्स गेल्या. याउलट ब्लॉगर १९९९ पासून चालू आहे, वर्डप्रेस २००३ पासून, आणि आपली मायबोली ही मराठी साइट तर १९९६ पासून. पण ब्लॉगरही शेवटी गूगलचंच आहे, म्हणून एक कॉपी आपल्या हातात हवीच.

ती अशी घ्यायची. ब्लॉगर असेल तर गूगल टेकआउट (आपला डेटा उतरवून घ्यायची गूगलची सोय) उघडायचं, आधी सगळ्या टिका काढून टाकायच्या, फक्त ब्लॉगरवर टिक ठेवायची आणि एक्सपोर्ट म्हणायचं, थोड्या वेळाने मेलवर लिंक येते, ती आठवडाभरच चालते म्हणून लगेच उतरवून घ्या. त्यात पोस्ट आणि कमेंट्स दोन्ही येतात. वर्डप्रेसला टूल्समध्ये एक्सपोर्ट आहे, तिथून एक फाइल मिळते, त्यातही कमेंट्स असतात. फोटो मात्र स्वतः तपासा, एकेक जुनी पोस्ट उघडून फोटो दिसतोय का बघा, कारण त्या काळात आपण कुठल्याकुठल्या फुकट साइटवर फोटो टाकून इथे नुसती लिंक द्यायचो आणि त्या साइट बंद झाल्यावर तिथे फक्त रिकामा चौकोन राहिलाय. मूळ फोटो जुन्या सीडीवर, हार्डडिस्कवर असेल तर आत्ताच परत चढवा.

शिवाय ज्या पोस्ट तुम्हाला स्वतःला मोलाच्या वाटतात त्या इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये, म्हणजे जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या साइटवर, टाका. तिथे "सेव्ह पेज नाऊ" म्हणून एक चौकट आहे, त्यात पोस्टची लिंक पेस्ट करायची, बस. एका वेळी एकच पान जातं म्हणून कंटाळा येतो, पण उद्या ब्लॉग गेला तरी ते पान तारखेसकट तिथे दिसतं.

आणि हे करताना जुन्या पोस्ट वाचून लाज वाटेल, पंचविशीतलं लिखाण आहे ते, वाटणारच. डिलीट करू नका. फारच नको असेल तर ड्राफ्टमध्ये टाका, लोकांना दिसत नाही आणि मजकूर आपल्याकडे राहतो. मला विचाराल तर तेही करू नका, २००८ मध्ये पुण्यात भाड्याची खोली कशी मिळायची, एसटीचा प्रवास कसा व्हायचा, कुठल्या नाटकाला किती गर्दी होती, हे साध्या माणसांनी साध्या शब्दात लिहिलेलं पुढे कुठे मिळणार आहे?

आता मधली दहा-बारा वर्षं. या काळात तुम्ही लिहायचं थांबवलं असं वाटत असेल पण नाही, फेसबुकवर लिहीत होतात, ग्रुपवर भलेमोठे मेसेज टाईप करत होतात. ते गोळा करा. फेसबुकच्या अकाउंट्स सेंटरमध्ये आपली माहिती डाउनलोड करायची सोय आहे, तिथे सगळं न घेता फक्त पोस्ट निवडा, तारखा "ऑल टाइम" करा, आणि फॉरमॅट एचटीएमएलच घ्या. हे महत्त्वाचं आहे, कारण जेसन फॉरमॅट घेतला तर आपलं देवनागरी त्या फाइलमध्ये सरळ वाचता येत नाही, नुसती आकडे-अक्षरांची रांग दिसते आणि लोकांना वाटतं सगळं खराब झालं. एचटीएमएल ब्राउझरमध्ये उघडते आणि मराठी नीट दिसतं. व्हॉट्सॲपला ज्या ग्रुपवर जास्त लिहिलंय तो ग्रुप उघडून एक्सपोर्ट चॅट, विदाउट मीडिया. मीडियासकट घेतलं तर कमी मेसेज येतात. मग त्या टेक्स्ट फाइलमध्ये स्वतःचं नाव शोधत जायचं आणि आपलं तेवढंच उचलायचं, ग्रुपमध्ये दुसऱ्यांनी लिहिलेलं त्यांना न विचारता बाहेर आणू नका.

जे सापडेल ते ब्लॉगवर टाकताना तारीख मूळची द्या. पोस्टच्या सेटिंगमध्ये प्रकाशनाची तारीख बदलता येते, मार्च २०२० मध्ये लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात लिहिलेलं असेल तर तीच तारीख हवी, आणि खाली एक ओळ की हे तेव्हा फेसबुकवर लिहिलं होतं. वर्षांप्रमाणे रांग लागली की आपल्यालाच कळतं आपण काय काय जगलो ते.

काही जणांकडे त्याच्याही आधीचं लिखाण असतं, श्रीलिपी किंवा कृतीदेव फॉन्टमधलं. ते आज उघडलं की इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो, घाबरू नका, ते जात नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या देवनागरीत, बदलणारे कन्व्हर्टर नेटवर फुकट मिळतात, आपला फॉन्ट निवडायचा आणि पेस्ट करायचं. पण नंतर डोळ्यांनी वाचायलाच लागतं. पहिली वेलांटी एक अक्षर इकडेतिकडे सरकते, रफार भलत्यावर जातो, आणि जोडाक्षरं तुटतात, विशेषतः क्ष आणि ज्ञ. अजून एक गंमत, जुन्या मजकुरात "दुसऱ्या", "वाऱ्यावर" मधला तो आडवा र वेगळ्या पद्धतीने टाईप केलेला असू शकतो, दिसायला अगदी तसाच, पण शोधल्यावर सापडत नाही. वर्डमध्ये फाइंड-रिप्लेस करून सगळीकडे एकच ठेवा.

हे झालं वाचवण्याचं. आता परत लिहायचं.

माझं म्हणणं एवढंच आहे की आधी ब्लॉगवर लिहा, मग जिथे लोक आहेत तिथे त्याची खबर द्या. फेसबुक सोडा, इन्स्टा सोडा असलं काही मी सांगत नाहीये, लोक तिथेच आहेत आणि मलाही तिथे माणसं भेटतात. फक्त मूळ लेख अशा जागी असावा जिथे त्याला स्वतःची लिंक आहे, तारीख आहे आणि तीन वर्षांनी कुणी "कोकणातलं भाताचं बियाणं" असं शोधलं तर तो वर यायची शक्यता आहे. व्हॉट्सॲपवरचा लेख कुणालाच शोधून सापडत नाही, फेसबुकवरचा आपल्याला स्वतःला सापडत नाही.

याचा दुसरा फायदा नावाचा. चांगला मजकूर ग्रुपवर गेला की दोन दिवसात खालचं नाव गळतं, आणि मग तो पुलंच्या नाहीतर नाना पाटेकरांच्या नावाने फिरायला लागतो. ज्याने लिहिलं त्याने सांगितलं तरी कोण ऐकतंय! ब्लॉगवर आधी टाकलेला असेल तर लिंक देता येते, तारीख दिसते, वाद मिटतो. म्हणून ग्रुपवर आख्खा लेख पेस्ट करायचा मोह आवरा, पहिले दोन परिच्छेद आणि लिंक द्या. थोडे लोक लिंक उघडत नाहीत, चालेल.

लिंकवरून आठवलं. ब्लॉगरमध्ये पूर्ण मराठी शीर्षक दिलं तर तो पत्ता स्वतःच "ब्लॉग-पोस्ट" आणि पुढे आकडा असा बनवतो, त्यावरून लेख कशाचा काहीच कळत नाही. वर्डप्रेसला देवनागरी पत्ता मिळतो पण व्हॉट्सॲपवर पेस्ट केला की टक्क्यांच्या चिन्हांनी भरलेली चार ओळींची लिंक होते आणि लोकांना ती फ्रॉडची वाटते. दोन्हीकडे पब्लिश करायच्या आधी पर्मालिंकमध्ये (पोस्टच्या पत्त्याच्या सेटिंगमध्ये) जाऊन रोमन लिपीत छोटा पत्ता टाका. आधीच पब्लिश झालेल्या जुन्या पोस्टचे पत्ते मात्र बदलू नका, कुणीतरी कुठेतरी ती लिंक दिलेली असते. आणि वर्डमधून पेस्ट करताना साध्या पेस्टऐवजी कंट्रोल-शिफ्ट-व्ही, नाहीतर मोबाईलवर अक्षरं लहानमोठी दिसतात.

वाचकांना नवीन पोस्ट कळणार कशी? पूर्वी मराठीब्लॉग्स.नेटवर ताज्या पोस्टची यादी दिसायची, सगळ्या ब्लॉगच्या नव्या पोस्ट एका जागी दाखवणारा गूगल रीडर होता, तो २०१३ मध्ये बंद झाला आणि माझ्या मते मराठी ब्लॉगला सगळ्यात मोठा फटका तिथे बसला. फीड, म्हणजे नव्या पोस्टची आपोआप बनणारी यादी, मात्र अजून प्रत्येक ब्लॉगला असतं, फीडलीसारख्या ॲपमध्ये ते घालता येतं, दोनचार मित्रांना तरी शिकवा. बाकीच्यांसाठी व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट लिस्ट बरी, एका लिस्टमध्ये २५६ जण, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच मेसेज जातो, म्हणून आधी सांगा नंबर सेव्ह करा. आणि विचारल्याशिवाय कुणाला त्यात घालू नका.

आता कमेंट्स. माझ्यासाठी सगळ्यात जिव्हाळ्याचा भाग हाच. त्या काळी एखाद्याने आजीच्या पद्धतीची तांदळाची बोरं लिहिली की खाली सोलापूरहून कुणी, न्यू जर्सीहून कुणी, आमच्याकडे असं नाही असं करतात म्हणून लिहायचं, कधी भांडण व्हायचं, कधी मूळ लेखापेक्षा खालची माहिती जास्त असायची, आणि पाच वर्षांनी तिथे आलेल्या माणसालाही ते सगळं वाचायला मिळायचं. आता तीच माणसं तितक्याच आपुलकीने उत्तर देतात पण पर्सनलवर. "अगं, आमच्या काकू यात मेथी घालायच्या" हे मला एकटीला कळतं आणि चॅटमध्ये खाली सरकून जातं. बाकी वाचकांना त्याचा पत्ताच नसतो.

यावर मी जे करते ते सांगते. कुणी पर्सनलवर काही नवी माहिती दिली, चूक दाखवली, वेगळी आठवण सांगितली, तर त्यांना लगेच विचारायचं, "हे तुमच्या नावाने पोस्टखाली टाकू का?" बहुतेक जण खूश होऊन हो म्हणतात, काही म्हणतात नाव नको, मग "एका वाचकाने कळवलं" असं लिहायचं. आणि पोस्टच्या शेवटी ता.क. करून, तारीख घालून, त्यांच्याच शब्दात ते टाकायचं, मग ती लिंक त्यांना परत पाठवायची. आपलं लिहिलेलं तिथे बघून माणूस पुढच्या वेळी स्वतः कमेंट करायला येतो, हे मी पाहिलंय. आणि लेख जिवंत राहतो.

कमेंट करणं सोपंही करून ठेवा. व्हॉट्सॲपवरून लिंक उघडणाऱ्या काकांना गूगल लॉगिन मागितलं की ते तिथूनच परत जातात. म्हणून सेटिंग्जमध्ये कमेंट कुणीही करू शकेल असं ठेवा, आणि मॉडरेशन कायम चालू, म्हणजे कर्जाच्या आणि औषधांच्या जाहिराती तुम्ही पास केल्याशिवाय दिसणार नाहीत. आलेल्या प्रत्येक कमेंटला उत्तर द्या, नुसतं "छान" असेल तरी. आणि तुम्ही दुसऱ्याचा ब्लॉग वाचलात तर तिथे दोन ओळी लिहा ना, पर्सनलवर अंगठा पाठवण्याऐवजी! त्या माणसाचा पुढचा लेख कदाचित त्या दोन ओळींमुळे येईल.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. ब्लॉगर असेल तर सेटिंग्जमध्ये परमिशन्स म्हणून भाग आहे, तिथून घरातल्या कुणालातरी, मुलगी, भाचा, जवळची मैत्रीण, ईमेल टाकून ऑथर म्हणून बोलवा आणि त्यांनी ते स्वीकारलं की ॲडमिन करा. शिवाय गूगलच्या इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजरमध्ये त्यांचं नाव द्या, म्हणजे तुमचं अकाउंट ठरावीक महिने वापरात नसेल तर त्यांना मेल जाईल आणि तुम्ही ठरवलेला डेटा उतरवून घेता येईल. बॅकअपची फाइल कुठल्या फोल्डरमध्ये आहे तेही त्यांना सांगून ठेवा, आणि दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत नवी घ्या.