झाडपाला शिकायचा तर आधी 'कुणाला नाही' ते विचारा

वाडीतली एक नवी सून खोकत खोकत आमच्या सोप्यात येऊन बसली. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई (आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात), अडुळसा खुडायला उठल्याच नाहीत. तिच्याकडं बघत म्हणाल्या, "पाळी कधी आली हुती गं?" पोरगी लाजली, दीड महिना झाल्याचं पुटपुटली. "मग अडुळसा न्हाय. गरम पाणी पी, आन उद्या हिच्यासंगं दवाखान्यात जा."

'हिच्यासंगं' म्हणजे माझ्यासंगं. पाटण तालुक्यात, ढेबेवाडी खोऱ्यात, मी आशा सेविका आहे.

तोवर माझ्या वहीत अडुळशाचं अख्खं पान भरलं होतं. पिकलेली पानं घ्यायची, नुसती कुटून रस सुटत नाही म्हणून वाफेवर मऊ करायची, पिळायची, मधातून द्यायचा. तो प्रश्न मात्र त्यात कुठंच नव्हता. अडुळशानं गर्भाशय आकसू शकतं, म्हणून पोटुशीला तो द्यायचा नाही. मी विचारलं नव्हतं, म्हणून आत्याबाईंनी सांगितलं नव्हतं. त्यांच्या लेखी ती सांगायची गोष्टच नव्हती, शहाण्या माणसाला ठाऊक असायचीच.

तेव्हा तुमच्या घरात असं कुणी जाणतं असेल आणि त्यांच्याकडून शिकायचं मनात असेल, तर दोनशे पानी वही आणा आणि पहिलाच रकाना 'कुणाला नाही' असा आखा. झाडाचं नाव दुसऱ्या रकान्यात. पहिला रकाना रिकामा राहिला की तोच टोचत राहतो, आणि तो भरेपर्यंत ते औषध कुणाला द्यायचं नाही.

समोर चहा ठेवून "मूळव्याधीवर काय, दम्यावर काय" असं विचारत बसू नका. जाणत्याला याद्या पाठ नसतात, झाड दिसलं की सगळं आठवतं. म्हणून सोबत हिंडा, आणि तेच झाड वर्षातून निदान चारदा बघा. पावसाळ्यात हिरव्या धुक्यासारखी पसरलेली शतावरी उन्हाळ्यात नुसती काटेरी काडी होते. ती काडी ओळखू आली म्हणजे शतावरी आली म्हणायचं. तिच्या मुळ्या काढतानाही आत्याबाई अर्ध्याच काढतात आणि वरचं डोकं पुन्हा मातीत पुरून पायानं दाबतात. साल घ्यायची तर आडव्या फांदीची. बुंध्याभोवती गोल साल काढणाऱ्याला त्या शिव्या घालतात, कारण ते झाड उभ्याउभ्या वाळतं.

ओळख पटवण्यातच सगळा वेळ जाऊ द्या, घाई करू नका. करोनात गुळवेलीचे काढे घरोघर उकळत होते. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी काढा घेऊन यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदवले, आणि आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की तशीच दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असावी. वाद त्यांचा त्यांच्यापाशी. आत्याबाई मात्र नुसतं बदामी पान बघून गुळवेल कधीच घेत नाहीत. नखानं वरचा कागदासारखा पापुद्रा सोलतात, वेल आडवी कापतात आणि आत बैलगाडीच्या चाकासारखे आरे दिसले तरच पिशवीत टाकतात.

कळलावी तर पहिल्याच पावसाळ्यात दाखवून घ्या. श्रावणात बांधाला पिवळी-तांबडी आग लागल्यासारखी फुलते, पण फुलं झडली की कुणाच्या लक्षात राहत नाही. पानाचं टोक केसासारखं वळून शेजारच्या फांदीला धरून असतं, हीच खूण. खाली नांगरासारखा वाकडा कंद. संस्कृतात तिला लांगली म्हणतात ते त्यावरूनच. तो कंद जीव घेतो. शिकाऊ माणसानं त्याला हातसुद्धा लावायचा नाही.

माझी फजिती झाली ती बिब्यापायी. "आधी हाताला खोबरेल चोपड," असं आत्याबाईंनी बजावलं होतं. एकच तर फोडायचाय, म्हणून मी ऐकलं नाही. थेंब मनगटावर उडाला. दुसऱ्या दिवशी फोड आले, आठवडाभर हात सुजून राहिला. डाग अजून आहे. वहीत बिब्याच्या पानावर मी काहीच लिहिलेलं नाही, लागलं तर मनगट बघते.

नमुने ठेवायचे तर फूल किंवा शेंग असलेली फांदीच तोडा, रद्दी पेपरात पसरा आणि ट्रंकेखाली दाबा. पावसाळ्यात पेपर रोज बदला, नाहीतर बुरशी धरते. मग एखाद्या कॉलेजातल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवून शास्त्रीय नाव लिहून घ्या. ते का, तर आत्याबाई ज्याला दगडी पाला म्हणतात ते माझ्या माहेरी, वाळव्याकडं, कंबरमोडी. नुसत्या गावठी नावावर औषध पुढच्या गावात गेलं की बदलतं. मापांचंही तसंच. त्यांची चिमूट, त्यांचं बोटाचं पेर, सुपारीएवढी गोळी, हे सगळं मी किराणावाल्याकडच्या छोट्या काट्यावर तीन-तीनदा तोललं. माझी चिमूट त्यांच्यापेक्षा मोठी भरते.

मुळी काढायच्या आदल्या संध्याकाळी आत्याबाई झाडाला आवतण देऊन येतात: हळदकुंकू, चार अक्षता, "उद्या येतो, गुण दे." मी आधी हसायचे. आता बघते की त्या निमित्तानं झाड आदल्या दिवशी नीट पाहून होतं, आणि दोनदा तर "बारकं हाय अजून" म्हणत त्या आवतण न देताच माघारी आल्या.

सांगितलं की गुण जातो, असं म्हणणारे जाणते भेटतील. त्यांच्याशी वाद घालू नका. वाटण वाटा, पाला निवडा, वर्ष जाऊ द्या. त्या गप्प बसण्याला कारणंही असतात. नरक्याचं झाड कॅन्सरच्या औषधासाठी लागतं असं कळल्यावर सह्याद्रीत त्याची चोरटी तोड झाली. म्हणून माझ्या वहीत जागा लिहिलेल्या नाहीत, त्या डोक्यात आहेत. ग्रामपंचायतीच्या लोक जैवविविधता नोंदवहीत, जी 2002 च्या जैवविविधता कायद्याखाली ठेवतात, नाव घालायचं तर काय सांगायचं आणि काय नाही, हे आधी जाणत्याला विचारून घ्या. कोयना अभयारण्यातून काडीसुद्धा आणायची नाही. लागेल ते परसात लावा. अडुळसा, निरगुडी, गुळवेल, वेखंड सहज येतात.

आणि दवाखाना थाटू नका, नोंदणीशिवाय तो गुन्हा आहे. साप चावला, छातीत कळ आली, कावीळ झाली, तर पाला शोधायचाच नाही, गाडी शोधायची. तान्ह्या पोराला जुलाब लागले तर ओआरएसचं पाकीट आणि चौदा दिवस झिंकच्या गोळ्या. आत्याबाई यावर अजून कुरकुरतात, पण पाकीट उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवायचं, हे आता त्याच दुसऱ्यांना बजावतात.

परीक्षा म्हणाल तर गेल्या थंडीत त्यांनी मला एकटीला कुड्याच्या शेंगा आणायला धाडलं. मी लांब, जोडीनं लोंबणाऱ्या शेंगा बघून पिशवी भरून आणली. आत्याबाईंनी एक बी काढून चावलं आणि थुंकलं. "गोडा हाय. काळा कुडा आणलास." मग दोन शेंगा माझ्यापुढं धरल्या. त्यांची टोकं एकमेकींना चिकटलेली होती. पांढऱ्या कुड्याची जोडी खाली सुटी असते, आणि बी कडूजहर. त्या बिया त्यांनी फेकून दिल्या नाहीत. डब्यात भरल्या, वर दोरा बांधला आणि माझ्या वहीशेजारी ठेवल्या.